मस्टँग, निवृत्ती चौक आणि खडखडा

माझ्या भाच्याला मस्टँग घ्यायची आहे. नवी नाही, जुनी, 2017 ची. शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशिनिंग करून द्यायचं काम. दहा वर्षं त्याने दोन-दोन शिफ्ट ओढल्या, व्याजाचा पैसा शिवला नाही, बहिणींची लग्नं केली. आता हातात रक्कम आहे आणि डोक्यात ही गाडी आहे. टोकन द्यायचं बाकी आहे.

बरं, त्याचा प्रश्न गाडी घ्यावी की नाही हा नाहीच. तो म्हणतो, "मामू, मी ही झाकून ठेवायला घेत नाही. शिवाजी पेठेतून शिरोलीला रोज हिनेच जाणार. काय बिघडलं?"

घरात यावर जी चर्चा झाली ती ऐकून मला भाच्यापेक्षा थोरांचाच राग आला. एक म्हणाले, लोक काय म्हणतील. दुसरे म्हणाले, हा इस्राफ आहे, उधळपट्टी आहे. हे दुसरे गृहस्थ गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात हजार माणसांना बिर्याणी घालून बसलेत. शिल्लक किती नाल्यात गेली ते मी पाहिलंय. इस्राफ हा शब्द दुसऱ्याच्या गाडीसाठी राखून ठेवायचा नसतो.

आणि "लोक काय म्हणतील" याला तर भाच्याने तिथेच उत्तर दिलं. "त्यांच्या पोरानं घेतली की शौक. आपल्यानं घेतली की पैसा कुठनं आला?" खोलीत कुणी बोललं नाही. मीही नाही. कारण हे खरं आहे. आपला पोरगा बुलेट घेतो तेव्हा कौतुक होतं, फॉर्च्युनर घेतो तेव्हा चौकशी होते. दहा वर्षं तेल-ग्रीसमध्ये हात बुडवलेल्या माणसाला आपल्याच शहरात आपल्या कमाईचा खुलासा करावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती लाज त्याची नाही. म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो: कुणाच्या संशयाला घाबरून त्याने गाडी सोडावी असं मी सांगणार नाही. पण कुणाच्या संशयाला चपराक म्हणून घ्यावी, हेही मला पटत नाही. ज्यांना तुझा हिशोब विचारायचा हक्क नाही, त्यांना दाखवण्यासाठी तू एवढे लाख का मोजतोस? हेही त्यांच्याच नजरेने जगणं झालं.

जकातीचा मुद्दा त्याने स्वतःच काढला. वापरातल्या वाहनावर जकात नाही, हे बरोबर आहे. ही गाडी 2016 मध्ये भारतात आली तेव्हा दिल्लीत तिची एक्स-शोरूम किंमत 65 लाख होती. तेवढी रक्कम सोन्यात असती तर अडीच टक्क्यांनी वर्षाला 1,62,500 रुपये गरिबाचे निघाले असते. गाडीत घातली की शून्य. फिकहने ही सवलत दिली ती माणसाच्या गरजेच्या वाहनाला. रोजीरोटीसाठी ज्या घोड्यावर बसायचं त्याच्यावर बोजा नको म्हणून. तिचा वापर तिजोरीसारखा करायचा असेल तर फतवा विचारू नका, स्वतःला विचारा.

पण माझा खरा आक्षेप पैशाचा नाहीच. त्याचा पैसा, त्याचा शौक. माझा आक्षेप 'रोज' या शब्दाला आहे.

मस्टँग जीटीत पाच लिटरचं व्ही-एट इंजिन असतं, ताकद सुमारे 400 अश्वशक्ती. गाडी पावणेपाच मीटर लांब, रुंदी आरसे सोडून 1.9 मीटर. दुसऱ्या गिअरातच ती शंभर गाठते. आता ही गाडी सकाळी साडेआठला निवृत्ती चौकात आणून उभी करू. अर्ध्या शिवाजी पुतळ्याशेजारी रिक्षा, समोर शाळेला निघालेली पोरं, बाजूला सायकलवर दुधाच्या किटल्या, आणि मध्येच रस्ता आपलाच आहे अशा थाटात चाललेली म्हैस. (कोल्हापुरात तो आहेच तिचा. दिवाळीत याच म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींमागे पळवतात. आमच्या म्हशींना इंजिनच्या आवाजाचं भय नाही.) इथे त्या चारशे घोड्यांचं काय करणार? दोनच उत्तरं आहेत. वापरणार नसशील, तर बैलगाडीच्या चालीने जाण्यासाठी लिटरला पाच-सहा किलोमीटर देणारं इंजिन पोसतोयस. वापरणार असशील, तर कुणाच्या जिवावर?

भाचा म्हणतो, मी जबाबदारीने चालवतो. खरं आहे, तो चालवतो. पण मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते आठवा. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागीच संपले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातावर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि सगळा महाराष्ट्र संतापला. त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती, 1,758 रुपये फी भरायची राहिली होती. "मामू, त्यात दारूचा आरोप आहे, मी तर हात लावत नाही," भाचा म्हणतो. मान्य. तू तो मुलगा नाहीस. पण वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे गणित चालवणारा निर्व्यसनी आहे म्हणून बदलत नाही. गाडी पावणेदोन टनांची. थकून घरी येताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अर्धा इंच जास्त दाबला गेला, तर अल्टो गुरगुरते. ही झेप घेते.

गतिरोधकांचंच बघा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे चढ हलका राहतो. पेठेतले गतिरोधक त्या पुस्तकातून आलेले नाहीत. उंची मनाला येईल ती, रुंदी पावलाएवढी. मस्टँगचं पोट जमिनीपासून जेमतेम साडेपाच इंच. ते घासणार, भाचा शिव्या देणार, आणि चूक गतिरोधकाची ठरणार. पण तो गतिरोधक तिथे का आला हे गल्लीत विचारा. बहुतेक वेळा कुणाचं तरी पोर गाडीखाली येता येता वाचलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला खुपते. गल्लीतल्या पोराने बुलेटला दोन-तीन हजारांचा फटफट्या सायलेन्सर लावला की पोलीस तो काढून घेतात, रोडरोलरखाली चिरडतात, पेपरात फोटो येतो. मला ते चिरडणं आवडतं, मला झोप प्यारी आहे. पण स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीतूनच बटणावर आवाज वाढवणारा एक्झॉस्ट येतो, त्याला 'परफॉर्मन्स' म्हणतात. फजरच्या नमाजेनंतर डोळा लागलेल्या म्हातारीला दोन्ही आवाज सारखेच.

आता खडखड्याकडे येतो. शाहू महाराजांच्या पागेत गाड्या-घोड्यांना तोटा नव्हता. तरी कोल्हापूरच्या आठवणीत राहिला तो त्यांचा खडखडा. आवाजावरूनच नाव पडलेली ती गाडी. वाटेत कुणी हात जोडून उभा दिसला की थांबायचं, गाऱ्हाणं ऐकायचं, कधी त्यालाच वर घ्यायचं, असे किस्से इथे घरोघरी आहेत. गंगाराम कांबळे या दलित माणसाने हॉटेल काढलं तेव्हा महाराज तिथे खडखडा थांबवून चहा घेत. राजाने त्याच्या हातचा चहा घेतलेला भर रस्त्यात सगळ्यांनी पाहिला, कारण खडखडा उघडा होता आणि सावकाश जात होता. ज्याने 1906 मध्ये मुसलमान पोरांसाठी बोर्डिंग उभं केलं, तोच हा माणूस. दसरा चौकातल्या त्या इमारतीवरून भाचा रोज जातो.

छत्रपती घराण्याकडे दिमाखदार मोटारही आहे. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक, 1936 ची. ती दसऱ्याला चौकात येते, लोक डोळे भरून पाहतात, मोबाईलवर फोटो काढतात. ती रोज येत नाही, म्हणूनच सगळ्यांना आपली वाटते.

शौक मारावा असं मी म्हणत नाही. कोल्हापूरला वेगाचं वावडं नाही. शहराबाहेर मोहित्यांचा रेसिंग ट्रॅक आहे. कृष्णराज महाडिक याच शहरातून ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, ध्रुव मोहितेने देशातल्या शर्यती गाजवल्या. वेगाला जागा आहे आणि ती आखलेली आहे. खासबागेत पैलवान धोबीपछाड मारतो तेव्हा आपण उभे राहून टाळ्या वाजवतो. तोच पैलवान मंडईत भाजी घेताना खांदा सांभाळून, अंग चोरून चालतो. त्याला कुणी कायदा शिकवलेला नसतो, तालमीत वस्तादाने शिकवलेलं असतं. गाडी विकणारा हा वस्ताद नव्हे.

भाच्याला मी सांगितलं, टोकन देण्याआधी एक काम कर. डीलरकडून गाडी दोन तासांसाठी माग. हायवेवर नको. पहाटे सहाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर ने, म्हशींच्या मधून काढ, किटली भरून घे, निवृत्ती चौकातून घरी ये आणि आपल्या बोळात वळव. बोळात वळली, तर टोकनाच्या पाकिटात पहिली हजाराची भर माझी.

त्याने डीलरला फोन केला. डीलर म्हणाला, साहेब, टेस्ट ड्राइव्ह फक्त एक्सप्रेस वेवर देतो, गावात गाडी खराब होते.