अग्रस्थानाचा मक्ता

वाशीच्या अडत्यावरील आपले अवलंबित्व कमी व्हावे आणि पुण्यामुंबईच्या, क्वचित बंगळूर-दिल्लीच्याही गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करता यावा, या हेतूने कोकणातील ज्या हापूस बागायतदारांनी स्वतःच्या वेबसाइट उघडल्या, त्यांच्यामागे आता एक नवाच अडत्या लागला आहे. हा पेट्या उचलत नाही की लिलाव पुकारत नाही. तो गूगलच्या पहिल्या पानावर पहिला क्रमांक मिळवून देण्याची लेखी हमी देतो, दरमहा शुल्क घेतो, आणि त्या शुल्काच्या मोबदल्यात नेमके काय केले असे विचारताच ‘अल्गोरिदम’ हा एक शब्द उच्चारून मौन धारण करतो.

या हमीविषयी बागायतदारांत, आणि एकंदर छोट्या व्यावसायिकांतही, दोन मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे शोधयंत्रात वर येणे ही गुप्तविद्या असून ती तज्ज्ञाकडून विकत घेतल्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे मत बहुधा पहिल्या मताची किंमत मोजून झालेल्यांचे असते. त्यांच्या लेखी ‘एसईओ’ हा सारा प्रकारच थोतांड असून उत्तम मालाला असल्या उपद्व्यापांची गरज नाही. ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे, ते असे की हे काम व्यापाऱ्याच्या स्वतःच्या आवाक्यातले नव्हे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या विद्येची मूलतत्त्वे व्यापाऱ्याला जितकी साधतील तितकी त्याच्या कोणत्याही मुखत्याराला साधणार नाहीत. कारण शोधयंत्राला जो मजकूर हवा असतो, तो व्यापाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नसतोच.

प्रथम हमीचा विचार करू. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि आपल्याशी खास संधान असल्याचे जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावे, असे खुद्द गूगलनेच आपल्या मार्गदर्शनपर लिखाणात स्वच्छ नमूद करून ठेवले आहे. जाहिरातीला पैसे मोजता येतात. ती ‘स्पॉन्सर्ड’ असा शिक्का घेऊन मिरवते आणि पैसे थांबताच अंतर्धान पावते. तिच्या व्यतिरिक्त जी साधी यादी दिसते तिच्यातील क्रमांक मात्र विक्रीस नाही. हमीदार बहुधा या दोहोंच्या सरमिसळीवर जगतो. त्याची दुसरी युक्ती याहून चतुर आहे. बागेचे संपूर्ण नाव, त्यापुढे वाडी, गाव आणि तालुका, अशा ज्या शब्दावलीने जगात कोणीही शोध घेत नाही, तिच्यावर तो पहिला क्रमांक आणून दाखवतो; करारनाम्याचे अक्षर पाळले जाते, गिऱ्हाईक मात्र एकही येत नाही. शिवाय शोध घेणाऱ्याचे ठिकाण आणि त्याचे पूर्वीचे शोध यांनुसार उत्तरे बदलत असल्यामुळे, मालकाला स्वतःच्या मोबाइलवर स्वतःची वेबसाइट अग्रभागी दिसली म्हणून ती नाशिकच्या गृहिणीलाही तशीच दिसेल, असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध हेत्वाभास आहे.

आता या मक्तेदारांच्या साधनांकडे पाहू. कित्येक करारनाम्यांत आजही ‘मेटा कीवर्ड भरणे’ असे एक कलम आढळते. वास्तविक क्रमांक ठरवताना पानाच्या कोडात दडलेल्या त्या कीवर्डांचा आपण मुळीच उपयोग करत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. दुसरे कलम ‘शेकडो बॅकलिंक’, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या लिंक, देण्याचे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये क्रमवारीची जी पद्धती मांडली, तिचे मूळ विद्वानांच्या व्यवहारात होते. ज्या प्रबंधाचा आधार इतर प्रबंध घेतात तो महत्त्वाचा, आणि आधार घेणारा स्वतः जितका मान्यवर तितका त्याच्या उल्लेखाचा भार अधिक, हा न्याय त्यांनी वेबपानांना लावला. लिंक म्हणजे एकाने दुसऱ्याची केलेली शिफारस. ती भाड्याने मिळू लागली तेव्हा तिची तपासणीही सुरू झाली, आणि एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणून गूगलने बनावट शिफारशींचे मोल उतरवले. तत्पूर्वी फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या प्रख्यात दुकानसमूहाच्या विकतच्या लिंक वृत्तपत्राने उघडकीस आणल्या, आणि तो समूह यादीत पार खाली फेकला गेला होता. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट यंत्राला एक आणि माणसाला दुसरेच पान दाखवते म्हणून काही काळ यादीतून काढून टाकण्यात आली. पेटीच्या वरच्या थरात निवडक फळ आणि खाली बारका माल भरण्याचाच तो प्रकार. या बलाढ्य कंपन्या वकील आणि तंत्रज्ञ यांच्या फौजेसह पूर्वस्थितीला आल्या. रत्नागिरीच्या बागायतदाराला मात्र एप्रिल-मे हे दोन महिने हातचे गेले की वर्ष गेले.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सात्त्विक, म्हणून त्याचे खंडन अधिक अवघड. ‘आमच्या आंब्याचा वास हीच आमची जाहिरात,’ असे म्हणणारा बागायतदार खोटे बोलत नसतो. परंतु वास ज्याच्या घरात पेटी पोचली त्यालाच येतो. जुन्या गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲपचा संदेश पुरेसा आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. प्रश्न आहे तो अनोळखी माणसाचा, जो ‘देवगड हापूस पुणे घरपोच’ एवढे चार शब्द टंकून बसलेला असतो आणि ज्याच्यापुढे त्या क्षणी मजकुराखेरीज कोणताही पुरावा नसतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील फळालाच ते नाव लावण्याचा अधिकार आला. तरीही परप्रांतीचा माल देवगडच्या नावाने खपतो, ही तक्रार संपलेली नाही. खऱ्याने मौन पाळायचे आणि नक्कल करणाऱ्याने तपशीलवार लिहायचे, असा व्यवहार असेल तर यंत्राने नकलेला वर बसवले म्हणून त्या यंत्राला दोष कसा द्यावा?

या दोन मतांखेरीज एक आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. यादी लावणाराच जर बाजारात स्वतःचे दुकान मांडून बसला असेल, तर न्यायाची अपेक्षा कशी करावी? हा आक्षेप काल्पनिक नाही. शोधाच्या उत्तरांत पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा निर्णय अमेरिकेच्या न्यायालयाने दिला. आता तर यंत्र उत्तराचा सारांश स्वतःच लिहून देते आणि पुष्कळ वाचक मूळ पानाकडे फिरकतही नाहीत. हे सारे मान्य. मात्र त्यावरून बाजाराच्या नियमनाचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या पानावर आपला भाव लिहू नये, असे काही त्यावरून सिद्ध होत नाही. सारांश लिहिणाऱ्या यंत्रालाही कोणाच्या तरी पानावरील मजकूर वाचावाच लागतो.

मग त्या पानावर असावे काय? बहुतेक बागायतदारांच्या वेबसाइट मी पाहतो तेव्हा पानाच्या शीर्षकात, म्हणजे यादीत जी ओळ ठळक दिसते तिच्यात, ‘होम’ एवढाच शब्द असतो. तेथे ‘देवगड हापूस – पुणे व मुंबई घरपोच’ अशी ओळ आली असती तर एका मिनिटाच्या श्रमात केवढा फरक पडला असता! खाली पाहावे तर सर्व माहिती छापील पत्रकाच्या छायाचित्रात कोंबलेली. माणसाला ती दिसते, परंतु शोधयंत्र ती वाचेलच असा भरवसा धरता येत नाही. अक्षरे अक्षरे म्हणूनच टंकलेली हवीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेल्या मराठी मजकुराची तर याहून दुर्दशा, कारण आपल्याला जे देवनागरी दिसते ते यंत्राच्या दृष्टीने रोमन चिन्हांची खिचडी असते. तो मजकूर युनिकोडात आणणे हाच त्यावर उपाय.

आणि मजकूर कसला? ‘अस्सल’, ‘दर्जेदार’, ‘परंपरागत’ ही विशेषणे नकली विक्रेत्यालाही फुकट मिळतात. गिऱ्हाईक फोनवर जे विचारते तेच लिहावे. डझनाचा भाव किती, आणि तो किती ग्रॅमच्या फळाचा? पेटी किती डझनांची? फळ पेंढ्याच्या अढीत पिकवले की इथिलीनच्या खोलीत, आणि कायद्याने निषिद्ध असलेले कार्बाइड तर वापरले नाही ना? पेटी पोचल्यावर किती दिवसांनी कापावे? बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, निघाला तर बदली मिळते का? या शेवटच्या प्रश्नाला प्रांजळ उत्तर देणारे पान क्वचितच सापडते, आणि म्हणूनच ते लिहिणाऱ्याला प्रतिस्पर्धी जवळजवळ नसतो. शहरातला मुखत्यार हे लिहूच शकत नाही; त्याने साका पाहिलेला नसतो. लोक देवनागरीत लिहितात तसे रोमनमध्येही ‘हापूस’ टंकतात, इंग्रजीत ‘अल्फान्सो’ म्हणतात. ही सर्व रूपे वाक्यांच्या ओघात येऊ द्यावीत, पानाच्या तळाशी त्यांची माळ लावू नये.

हंगामी मालाच्या बाबतीत एक चूक सार्वत्रिक आहे. दरवर्षी नव्या भावाचे नवे पान उघडतात आणि जुने पुसून टाकतात. त्यायोगे जुन्या पानाला वर्षभरात लाभलेल्या शिफारशी, एखाद्या वृत्तपत्राने दिलेली लिंक, गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेला पत्ता, हे सर्व एका फटक्यात व्यर्थ होते. पानाचा पत्ता कायम ठेवावा आणि आतला भाव बदलावा. तोही मार्चमध्ये पेट्या भरताना नव्हे, तर मोहोर धरतो तेव्हाच. कारण बदलाची नोंद यंत्राच्या दफ्तरी कधी तासांत रुजू होते, तर कधी तिचा परिणाम दिसण्यास महिने लागतात. पान मोबाइलवर नीट उघडावे, हे सांगण्याचीही गरज नसावी. गूगलच्या नकाशावरील नोंद विनाशुल्क आहे; तेथील क्रमांक शोधाशी संबंध, अंतर आणि प्रसिद्धी या तिहींवर ठरतो. सवलतीचे आमिष दाखवून तेथे अभिप्राय गोळा करणे मात्र नियमबाह्य आहे.

तंत्रज्ञाची गरज नाही, असा याचा अर्थ कोणी करू नये. पानाची गती, सुरक्षित जोडणी, साइटमॅप ही कामे जाणकाराने करावीत, त्याचे दाम त्याला एकरकमी द्यावे, आणि कोणते काम केले याची लेखी यादी घ्यावी. पण तत्पूर्वी एक दस्तऐवज तपासावा. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे? पुष्कळ ठिकाणी ते मुखत्याराच्या खात्यावर असते, गूगलच्या सर्च कन्सोलची किल्लीही त्याच्याचकडे असते, आणि शुल्क थांबवताच बागायतदाराच्या ध्यानात येते की ज्या पत्त्यावर त्याने आपल्या बागेचे नाव रुजवले तो पत्ता कागदोपत्री त्याचा कधी नव्हताच. नव्या करारावर सही करण्यापूर्वी ते खाते स्वतःच्या ईमेलवर फिरवून घ्यावे आणि वार्षिक नूतनीकरणाची पावती आपल्या नावाने मागावी. मुखत्याराने त्याला नकार दिला, तर करार तिथेच थांबवावा.