अवजार आपले की आपण अवजाराचे?

आपल्या समाजातील बहुतेक घरांची रोजी हाताच्या हुनरावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर चालते. मालेगाव-भिवंडीचा माग असो वा औरंगाबादचा हिमरू, कारागीर आपले अवजार पारखून घेतो. दुकान बदलले तर माग उचलून दुसऱ्या गाळ्यात नेता येतो. परंतु गेल्या काही वर्षांत जी नवी अवजारे आपल्या हाती आली, म्हणजे संगणकाची सॉफ्टवेअरे, मोबाइलचा कॅमेरा, इंटरनेटवरील पाने, ती आपण पारखली आहेत काय? फुकट मिळाली म्हणून घेतली, एवढेच.

फुकटच्या जागेचा मालक दुसराच असतो. जिओसिटीजवरील लाखो पाने २००९ साली पुसली गेली. ऑर्कुट २०१४ साली, पिकासा २०१६ साली आणि गूगल प्लस २०१९ साली बंद झाले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा ज्यांनी सारे गिऱ्हाईक तेथेच जमवले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत उठले. या अवजारांचा वापर करू नये, असे माझे म्हणणे नाही. तेथे जाहिरात जरूर करावी, पण गोदाम तेथे ठेवू नये. गिऱ्हाइकांची नावे, फोन नंबर आणि मालाचे फोटो आपल्या ताब्यात असावेत. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेऊन त्यावर वर्डप्रेससारख्या मोफत आणि खुल्या साधनाने पान उभारता येते. हे साधन २००३ पासून चालू आहे. त्यातील मजकूर बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची सोय त्यातच आहे.

भाषेचीही हीच गोष्ट आहे. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे १९८१ साली उर्दू वर्तमानपत्र संगणकावर जुळू लागले, आणि १९९४ साली आलेल्या इनपेजने ती सोय छोट्या छापखान्यापर्यंत आणली. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना ही मोठीच नेमत वाटली. मराठीतही जुन्या फॉन्टांवर हजारो बिलबुके, लग्नपत्रिका, दरपत्रके तयार झाली. पण त्या फायली मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून यापुढे उर्दू असो वा मराठी, मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. तो कोणत्याही यंत्रावर वाचता येतो.

आता फोटोचे पाहू. रोलच्या कॅमेऱ्याच्या जमान्यात छत्तीस फोटो मिळत, म्हणून माणूस बटण दाबण्यापूर्वी विचार करी. रोल धुतला की निगेटिव्ह हातात येई. कॅमेरा मोडला तरी ती उन्हात धरून पाहता येते, वीज लागत नाही. कोडॅकने कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २००९ साली बंद केली आणि ती धुणाऱ्या अमेरिकेतील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणे थांबवले. त्यानंतर जे रोल न धुता कपाटात राहिले, त्यांतील रंग गेलेच. जे वेळीच धुतले, त्यांची चित्रे आजही पाहता येतात. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही काळाच्या ओघात गेली; तिच्यावर काढलेले फोटो मात्र घराघरांत आहेत. मोबाइलमध्ये पडून राहिलेले फोटो हे न धुतलेल्या रोलसारखे आहेत. मोबाइल हरवला की सारे गेले.

कापडवाल्याने आणखी एक ध्यानात घ्यावे. ट्यूबलाइटखाली जुळणाऱ्या दोन शेड उन्हात वेगळ्या दिसू शकतात, आणि मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो. तेव्हा थानाचा फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत घ्यावा, बाजूला पांढरा कागद ठेवावा आणि मोठ्या ऑर्डरला कापडाचा तुकडाच पाठवावा. फोटोवर सौदा करून माल परत आला की नुकसानही आपले आणि बदनामीही आपली.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे. संगणक बिघडला ही सबब चालत नाही. आपल्याला तर हा हुकूम नवा नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दलच आहे. लिहिलेले टिकवणे हाही त्या जबाबदारीचाच भाग होय, असे मी मानतो. उधारीची वही ही दुसऱ्याच्या हक्काची अमानत आहे. ती पुसली गेली तर कोणाचा तरी हक्क मारला जाईल.

म्हणून कोणतेही नवे सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. माझा माल यातून बाहेर काढता येईल काय? तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय तो वाचता येईल काय? पैसे भरणे थांबवले तर माझ्या जुन्या नोंदी मला दिसतील काय? तिन्हींची उत्तरे होय आली तरच व्यवहार करावा. त्यानंतरही दर जुम्याला दुकान उघडण्याआधी हिशेबाची आणि फोटोंची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क घरी ठेवावी, आणि महिनाअखेरीस येणे-देणे कागदावर छापून फायलीत लावावे. यास अर्धा तास लागतो. वीस वर्षांची पत त्यापेक्षा महाग आहे.