बाईंच्या पिशवीतून : झोपलेला कांदा



तुमच्यापैकी कुणाकुणाचं घर या वर्षी बदललं? आम्हा शिक्षकांना हे काही नवं नाही. बदलीचा आदेश हातात पडला की भांडी, गाद्या, पुस्तकं यांची बांधाबांध सुरू! पण अंगणातल्या झाडांचं काय करायचं?

माझ्याकडे आईनं दिलेली मे फ्लॉवरची झाडं होती. उन्हाळ्यात जमिनीतून एक जाड दांडा वर येतो आणि त्यावर लाल फुलांचा चेंडू उमलतो. म्हणून याला फुटबॉल लिलीही म्हणतात. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे छान रुळलंय.

पहिल्या बदलीच्या वेळी मी मोठी चूक केली. जून महिना होता. हिरवीगार पानं आली होती. मी घाईघाईनं कांदे उपटले, टेम्पोत मावावेत म्हणून पानं कापली आणि सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्च गाठ मारली. आठ दिवसांनी पिशवी उघडली तर निम्मे कांदे कुजलेले! उरलेल्यांना पुढच्या वर्षी नुसती पानं आली, फूल एकही नाही.

असं का झालं? आईसमोर बसून घरातला एक कांदा उभा चिरून बघा. खाली चकतीसारखं दिसतं ते खोड. त्यावरचे जाड पापुद्रे म्हणजे अन्न भरून फुगलेली पानं. मधोमध असतो इवलासा कोंब. मे फ्लॉवरचा कंदही असाच. पावसाळाभर त्याची पानं अन्न तयार करतात आणि खाली साठवतात. त्या शिदोरीवर पुढच्या वर्षीचं फूल येतं. मी पानंच कापली, मग शिदोरी भरणार कशी?

आपलं जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण कंद म्हणजे बी नव्हे. त्याच्यात पाणी असतं, त्याला मोकळी हवा लागते. शेतकरीदादा उन्हाळी कांदा आधी सुकवतात, मगच हवा खेळत्या चाळीत भरतात ना? तसंच इथं. श्रीनगरला ट्यूलिपची बाग आहे. तिथंही बहर संपला, पानं वाळली की कंद काढून जपून ठेवतात.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले. बदली होणार याची कुणकुण लागली होती. दिवाळीच्या सुमारास पानं आपोआप पिवळी पडू दिली. पाणी बंद केलं. वीतभर लांबून खुरप्यानं खणलं, म्हणजे कंदाला जखम होत नाही. माती झटकली, पण कंद धुतले नाहीत. मऊ पडलेले फेकले. बाकीचे आठ-दहा दिवस सावलीत सुकवले, वर्तमानपत्रात सुटे सुटे गुंडाळले आणि परडीत ठेवून वर चिठ्ठी लावली : 'विषारी! खायचा कांदा नव्हे.' हो, हे कंद खरंच विषारी असतात. हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे.

अकरा कंद निघाले. त्यातला एक मी तिसरीतल्या एका मुलीला दिला. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तीही बरोबर जाते. तिनं तो दारापाशी लावला आणि माझ्याकडे पळत आली.

"बाई, आमी तर उद्या जानार. मग ह्याला पानी कोन घालंल?"

"अगं, तो आता झोपलाय. उन्हाळ्यापर्यंत त्याला पाणी नकोच."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ह्ये आमच्यावानीच. आमी येऊ तवाच उठंल."

मी हसले खरी, पण रात्री झोप येईना. कंद सहा महिने झोपला तरी त्याची शिदोरी आत असते. हिचा अभ्यास मात्र बुडतो. सकाळी मी तिला दोन पुस्तकं आणि कोऱ्या वह्या दिल्या. एप्रिलअखेर ती परतली, तेव्हा दोन्ही पुस्तकं पार चुरगळलेली होती. मला त्याचा केवढा आनंद झाला! मे महिन्यात तिच्या दारात लाल चेंडू उमलला, आणि त्याच महिन्यात माझी बदली झाली. माझे पाच कंद मी नव्या घरी लावले, मान मातीच्या वर राहील इतकेच खोल. तिघांना उशिरानं का होईना, फुलं आली. दोघं अजून रुसलेले आहेत.

तुमचं घर भर पावसाळ्यात बदललं तर? मग पानं कापू नका. मातीच्या गोळ्यासकट झाड जुन्या डब्यात उचलून न्या.

आणि एक काम. ऊसतोडीहून परतलेलं कुणी तुमच्या वर्गात असेल, तर त्याला शेजारी बसवा. आपल्या वह्या दाखवा. कराल ना?

तुमच्या,
बाई