बोर्ड वेगळे, प्रश्नपत्रिका एक : समान संधीचे अपुरे गणित

वाराणसीत गंगेच्या एका तीरावर काशीनरेशांचे रामनगर आहे, तर दुसऱ्या तीरावर बनारस हिंदू विद्यापीठ. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठासाठी काशीनरेशांनीच जमीन दिली होती. आज मात्र रामनगरच्या विद्यार्थ्याला तेथे पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश हवा असेल, तर त्याची स्पर्धा देशभरातील विद्यार्थ्यांशी असते. त्यांच्यापैकी कोणी उत्तर प्रदेश बोर्डाचा असतो, कोणी सीबीएसईचा, कोणी आयएससीचा, तर कोणी महाराष्ट्र राज्य मंडळाचा.

या साऱ्यांना एकाच मापाने मोजायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर म्हणून २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजेच सीयूईटी, सुरू झाली.

गुणांची महागाई

बनारस हिंदू विद्यापीठ त्यापूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असे. दिल्ली विद्यापीठात मात्र बहुतांश प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. २०२१ मध्ये करोनामुळे बोर्डाच्या परीक्षाच झाल्या नाहीत. सीबीएसईच्या सुमारे ७० हजार विद्यार्थ्यांना ९५ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले आणि दिल्लीतील काही महाविद्यालयांतील प्रवेशाची पहिली यादी १०० टक्क्यांवर थांबली. सढळ हाताने गुण देणाऱ्या बोर्डाचा विद्यार्थी पुढे आणि कडक तपासणी करणाऱ्या बोर्डाचा मागे, अशी तक्रार त्या वेळी तीव्र झाली.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकांना हा वाद अपरिचित नाही. अकरावी प्रवेशात एसएससीच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, या तक्रारीवर राज्य सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाईल सूत्र आणि २००९ मध्ये ९०:१० कोटा आणला. दोन्ही उपाय मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० चे 'बेस्ट फाईव्ह' धोरणही उच्च न्यायालयाने रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते मान्य केले. गुणांमध्ये आकडेमोड करून बोर्डांमधील दरी बुजवणे किती कठीण आहे, हे या तीन वर्षांत स्पष्ट झाले.

दरी कुठे सरकली?

सीयूईटीमुळे गुणवत्ता यादीतून बोर्डाचे नाव बऱ्याच अंशी बाहेर पडले, ही या परीक्षेची जमेची बाजू होय. मराठीसह १३ भाषांमध्ये ती देता येते. परंतु या परीक्षेतील शालेय विषयांचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेले असतात. साहजिकच वर्गात तीच पुस्तके शिकलेल्या विद्यार्थ्याला वेगळी तयारी कमी करावी लागते.

येथे एक लक्षणीय बदल दिसतो. उत्तर प्रदेश बोर्डाने २०१८-१९ पासून प्रमुख विषयांसाठी एनसीईआरटीची पुस्तके स्वीकारण्यास सुरुवात केली. त्यामुळे रामनगरमधील राज्य बोर्डाच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम आज सीयूईटीच्या जवळ आला आहे. महाराष्ट्रातील बारावीचा विद्यार्थी मात्र राज्याची स्वतंत्र पाठ्यपुस्तके शिकतो. बनारस किंवा दिल्लीला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला बोर्डाची परीक्षा आणि सीयूईटी अशा दोन अभ्यासक्रमांची तयारी काही महिन्यांत करावी लागते. ज्याला खासगी शिकवणी परवडते, त्याला हे अंतर कापणे सोपे जाते. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ते अंतर तसेच राहते. याचाच अर्थ, बोर्डांमधील दरी मिटलेली नाही. ती गुणपत्रिकेतून अभ्यासक्रमात सरकली आहे.

दुसरा मार्ग

याच विद्यापीठाच्या परिसरातील आयआयटीच्या प्रवेशात वेगळा विचार आढळतो. तेथे प्रवेशाचा क्रम परीक्षेवर ठरतो. पण बारावीची पात्रता दोन प्रकारे सिद्ध करता येते. सर्वसाधारण गटातील विद्यार्थ्याला ७५ टक्के गुण असावेत किंवा तो आपल्या बोर्डातील पहिल्या २० पर्सेंटाईलमध्ये असावा. या दुसऱ्या पर्यायामुळे कडक तपासणीच्या बोर्डात शिकलेल्या विद्यार्थ्याला न्याय मिळतो, कारण त्याची तुलना त्याच्याच बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी होते.

विविध बोर्डांच्या मूल्यमापनात समतुल्यता आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये एनसीईआरटीअंतर्गत 'परख' ही संस्था स्थापन केली. हे काम दीर्घ पल्ल्याचे आहे. तोपर्यंत राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीपासूनच दोन्ही अभ्यासक्रमांतील फरक विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आणि राहून जाणारे घटक वर्गातच शिकवणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरेल. प्रश्नपत्रिका एक झाली, हे योग्यच झाले. तिची तयारी करण्याची संधीही एकसारखी असली, तरच या स्पर्धेला समान म्हणता येईल.