दीड एकराचा मान


मुलाकडे फ्रान्सला गेलो असता बर्गंडी भागातले द्राक्षदारूचे लहान घरगुती कारखाने पाहिले. दारूचं नाव काढताच कपाळाला आठ्या पडतील, पण मला सांगायचे आहे ते जमिनीविषयी.

तेथे वूझो गावी दगडी भिंतीच्या आत सुमारे ५० हेक्टरांचा एकच मळा आहे. मालक ८० च्या आसपास! म्हणजे सरासरी दीड एकर. तरी 'एवढ्याशा तुकड्यात काय पिकणार?' असे कोणी म्हणत नाही. उलट हेक्टरी किती पिकवायचे याला कायद्याने वरची मर्यादा आहे. एका घरी बाप तळघरातली पिंपं दाखवीत होता, सून बाटल्यांना चिठ्ठ्या लावीत होती, गिऱ्हाईक दारात उभे. भाव मालाच्या गुणाला.

आपल्याकडे उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा सरासरी. मग चांगल्या उसासाठी जिवाचं रान कोण करणार? जो तो टनेजमागे. पाणी नि युरिया ओतून जमिनी क्षारपड झाल्या.

येत्या वार्षिक सभेत प्लॉटवार उतारा तपासून चांगल्या उसाला बक्षीस देण्याचा ठराव यावा. जमीन थोडी असेल, पण मान थोडा का असावा?

— एक ऊस उत्पादक सभासद