खेळाचा तास कापू नका

"सर, आज खेळाचा तास आहे ना?" मुलं आशेने विचारतात आणि आपण म्हणतो, "आधी गणिताचा धडा संपवू." मीही असं केलंय. पण आता ती चूक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे. नियमित व्यायामाने हृदय सक्षम राहते, हाडे बळकट होतात, झोप शांत लागते आणि अभ्यासात लक्षही लागते. म्हणजे खेळाचा तास गणिताचा शत्रू नाहीच!

त्यासाठी जिम लागत नाही. लंगडी, खो-खो, दोरीउड्या, सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. पालकांनो, शाळा जवळ असेल तर गाडी घरी ठेवा, मुलांसोबत चालत या. तुमचाही व्यायाम होईल.

आपण 'व्यायामाचे महत्त्व' निबंध लिहून घेतो, शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतो आणि खेळाचा तास मात्र कापतो. मग मुलांना व्यायामाची गोडी लागणार कशी? निबंध एखादा कमी लिहिला तरी चालेल, पण मुलांना मैदानावर जाऊ द्या.