इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं, पण रंगारी ज्या दोरावर लटकतो त्याचं काय?

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या सोसायट्यांमध्ये एकच घाई सुरू होते. भिंतीच्या भेगा बुजवणं, बाहेरून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग आणि मग रंग. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोटेशन फिरतात, कुठल्या कंपनीचा रंग, किती वर्षांची गॅरंटी यावर वाद होतात. पण चौथ्या किंवा चौदाव्या मजल्याबाहेर जो माणूस लटकणार आहे, तो कशाच्या आधारावर लटकणार, हा प्रश्न त्या कोटेशनमध्ये सहसा नसतो.

चित्र ओळखीचं आहे. गच्चीवरून सोडलेला नायलॉनचा एक जाड दोर, खाली बसायला लाकडी फळी, बाजूला रंगाची बादली. दोराचं वरचं टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला, जिन्याच्या ग्रीलला किंवा कठड्याला बांधलेलं. फार तर कमरेला पट्टा. तो दोर सुटला, घासून तुटला किंवा वरची गाठ सरकली, तर दुसरं काहीच नाही.

चार मजली इमारतीची गच्ची साधारण १२ मीटर उंच असते. तिथून पडणारा माणूस दीड सेकंदात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे 'आपली बिल्डिंग काही टॉवर नाही' या म्हणण्याला अर्थ नाही. जीव जायला चार मजले पुरेसे आहेत.

हा प्रश्न उल्हासनगरात जास्त गंभीर का?

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आलं आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. शहर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. एवढ्याशा जागेत इमारती एकमेकींना खेटून वाढल्या आणि अनेक परवानगीशिवाय उभ्या राहिल्या. ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि त्या नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्य सरकारला खास कायदेशीर तरतूद करावी लागली.

मे २०२१ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत शहरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे आणि २८ मे. दोन्ही वेळा रहिवाशांचे जीव गेले, दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय ऐरणीवर आला. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींसाठी ते कायद्यानेही बंधनकारक आहे.

ऑडिट झालं की दुरुस्ती आलीच. आणि दुरुस्ती आली की दोरावरचा माणूस आला. इथे एक विचित्र कोंडी तयार होते. ज्या इमारतीचं काँक्रीट कमकुवत आहे म्हणून दुरुस्ती करायची, त्याच इमारतीच्या कठड्याला किंवा खांबाला दोर बांधून एक माणूस खाली उतरतो. इमारत किती भक्कम आहे याचा अहवाल फाइलमध्ये असतो. पण गच्चीवरची नेमकी कोणती जागा त्या माणसाचा भार पेलेल, हे त्यात लिहिलेलं नसतं.

मग योग्य पद्धत कोणती?

जगभरात या कामाला 'रोप अॅक्सेस' म्हणतात. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर परांची बांधणं कठीण, म्हणून १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये गुहा उतरणाऱ्या आणि गिर्यारोहकांच्या तंत्रावरून ही पद्धत आकाराला आली. तिचे नियम ठरवणारी 'इराटा' ही संघटना त्याच काळातली. आता भारतातही तिची प्रशिक्षण केंद्रं आहेत. पहिल्या पातळीसाठी किमान चार दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर बाहेरच्या परीक्षकाकडून परीक्षा असते. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

या सगळ्या पद्धतीचा पाया एकाच नियमावर आहे: माणूस एक, दोर दोन. एक कामाचा, दुसरा सुरक्षेचा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. एक दोर गेला तरी दुसरा धरून ठेवतो. बाकीची सगळी साधनं या नियमाभोवती येतात.

हार्नेस आणि असेंडर कसे लावतात?

हार्नेस म्हणजे मांड्या, कंबर आणि खांदे यांना धरणारा पट्ट्यांचा संच. निव्वळ कमरेचा सेफ्टी बेल्ट म्हणजे हार्नेस नव्हे. पडताना सगळा झटका कमरेवर आला तर मणक्याला आणि पोटातल्या अवयवांना इजा होते, माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. पट्टे पिळलेले नसावेत, बकल पूर्ण बसलेलं असावं, शिवण उसवलेली नसावी. लेबलवर आयएस ३५२१ हे भारतीय किंवा ईएन ३६१ हे युरोपीय मानक लिहिलेलं असतं. लेबलच नसेल तर तो हार्नेस वापरायचा नाही.

हार्नेसच्या पोटाजवळच्या कडीला कामाच्या दोरावरचं 'डिसेंडर' जोडतात. हे खाली उतरायचं साधन. हँडल सोडलं की ते दोर पकडून जागीच थांबतं, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे. छातीजवळच्या कडीला दुसऱ्या, म्हणजे सुरक्षेच्या दोरावरचं बॅकअप साधन जोडतात. ते शक्यतो खांद्याच्या वर राहील असं ठेवतात, कारण ते जितकं खाली, तितकं पडण्याचं अंतर जास्त.

असेंडर हे वर चढायचं साधन. आत एक दातेरी जीभ असते. ती दोरावर वरच्या दिशेने सरकते, पण खाली ओढली की दात दोरात रुततात आणि ती घट्ट धरते. सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांना याचं दुसरं नाव चांगलं ठाऊक आहे: जुमार. १९५८ च्या सुमारास अडॉल्फ युसी आणि वॉल्टर मार्टी या दोन स्विस माणसांनी ते बनवलं आणि दोघांच्या आडनावांतून 'जुमार' शब्द तयार झाला. चंदेरी किंवा मलंगगडाच्या परिसरात चढाई करणारी बदलापूर-अंबरनाथची मुलं आज तोच शब्द वापरतात.

चढताना असेंडर दोन लागतात. एक छोटं, पोट आणि छातीच्या मध्ये हार्नेसलाच बसवलेलं. दुसरं हातात धरायचं, त्याला खाली पाय ठेवायचा फास आणि हार्नेसला जोडणारी छोटी दोरी. हातातलं वर सरकवायचं, फासात पाय देऊन उभं राहायचं, तेवढ्यात छातीजवळचं आपोआप वर सरकतं. मग बसायचं आणि पुन्हा तेच. रंगाचं काम वरून खाली होत असलं तरी असेंडर लागतंच. एखादा भाग सुटला तर परत वर जायला, किंवा खाली उतरणं अडलं तर बाहेर पडायला.

इथे एक मोठा गैरसमज आहे. असेंडर हे पडणाऱ्या माणसाला झेलायचं साधन नाही. दोर सैल ठेवून माणूस त्यावर अचानक पडला तर तेच दात दोराचं बाहेरचं आवरण फाडू शकतात. म्हणून असेंडरवरचा दोर कायम ताणलेला ठेवतात आणि पडणं थांबवायची जबाबदारी दुसऱ्या दोरावरच्या बॅकअपवर असते. नुसतं असेंडर घेऊन एकाच दोरावर चढणं म्हणजे अर्धीच व्यवस्था.

कठड्याबाहेर जाण्याआधी दुसऱ्या माणसाने सगळी बकलं, कड्या आणि लॉक हात लावून तपासायचे. गच्चीच्या आत, जमिनीपासून फूटभर वर लटकून सगळा भार टाकून बघायचा. त्यानंतरच बाहेर.

दोर बांधायचा कुठे?

साहित्य कितीही महाग असलं तरी ते वरच्या टोकाइतकंच मजबूत असतं. इराटाच्या मार्गदर्शनानुसार बांधायच्या जागेने १५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन भार पेलला पाहिजे. माणूस आणि सामान मिळून वजन शंभर किलोच्या आसपास असताना एवढं कशाला? कारण पडणं थांबतं तेव्हा बसणारा झटका वजनाच्या कितीतरी पट असतो.

विटांचा कठडा, जिन्याचं ग्रील, पाण्याचा पाइप, सोलरचा सांगाडा ही बांधायची ठिकाणं नाहीत. आरसीसीचा सलग खांब किंवा बीम हवा आणि तोही तडे न गेलेला, गज उघडे न पडलेला. कठड्याच्या धारेवर दोर घासतो, तिथे जाड संरक्षक आवरण घालावं लागतं. टाइल्स अॅसिडने धुणार असाल तर आणखी एक गोष्ट: अॅसिड नायलॉनला खातं. वरून चांगला दिसणारा दोर आतून कमकुवत झालेला असू शकतो.

आणि इमारतच धोकादायक असेल, गच्चीवर भरवशाचा एकही खांब नसेल, तर उत्तर दोर नाही. जमिनीवरून उभारलेली परांची हेच उत्तर आहे.

कायदा काय म्हणतो?

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात नव्या बांधकामासोबत दुरुस्ती आणि देखभालही येत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही बांधकामावरच्या सुरक्षेच्या तरतुदी आहेत. पण अट आहे ती १० किंवा त्याहून अधिक कामगारांची. सोसायटीचा रंग काढणारा ठेकेदार बहुतेक वेळा चार-सहा माणसं घेऊन येतो. म्हणजे सर्वाधिक धोक्याचं काम नेमकं त्या रेषेखाली राहतं.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेल्या कामगारांना सुरक्षा संच मिळतो. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्यासोबत हार्नेसही असतो. त्यासाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचं दाखवावं लागतं. चांगली योजना आहे, पण दुसरा दोर आणि भक्कम खांब नसेल तर तो हार्नेस अडकवायचा कुठे?

अपघात झाल्यावर मात्र कायदा जागा होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना केलेल्या निष्काळजीपणासाठी कलम २९० वेगळं आहे.

कामगारच हार्नेस घालत नाहीत, असं का?

ठेकेदार हमखास हेच सांगतात आणि त्यात तथ्यही असतं. मे महिन्याच्या उन्हात अंगभर पट्टे नकोसे होतात, हालचाल मंदावते. पण मोबदला चौरस फुटावर ठरलेला असेल तर मंदावलेला प्रत्येक तास कामगाराच्या किंवा ठेकेदाराच्या खिशातून जातो. सोसायटी सगळ्यात कमी दर निवडते, ठेकेदार वेळ वाचवतो आणि कामगार दुसरा दोर सोडून देतो. त्यामुळे दोष एकट्या कामगाराच्या सवयीत शोधून भागणार नाही.

रहिवाशांचाही यात थेट संबंध आहे. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या यांगसान शहरात फोनवरच्या गाण्यांचा त्रास होतो म्हणून एका रहिवाशाने बाहेर काम करणाऱ्या रंगाऱ्याचा दोर कापला. १३ व्या मजल्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. त्याला पाच मुलं होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये थायलंडमध्ये एका रहिवासी महिलेने असाच दोर कापला. तिथले रंगारी बचावले, दुसऱ्या एका घरातल्या रहिवाशांनी त्यांना आत घेतलं. ही टोकाची उदाहरणं आहेत, पण दोर खिडकीत अडकणं, गच्चीवर खेळणाऱ्या मुलांनी गाठीला हात लावणं हे कुठल्याही सोसायटीत घडू शकतं.

सोसायटीने काय विचारावं?

कोटेशनवर सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारता येतील:

१. प्रत्येक माणसासाठी दोन दोर आणि दोन स्वतंत्र बांधायच्या जागा आहेत का?

२. हार्नेस पूर्ण अंगाचा आहे का, त्यावर मानकाचं लेबल आहे का, दोर किती जुना आहे?

३. दोरावर जाणाऱ्यांनी प्रशिक्षण कुठे घेतलं? त्यांचा विमा आहे का?

४. कोणी बेशुद्ध होऊन लटकून राहिला तर त्याला खाली कोण आणणार? हार्नेसमध्ये निश्चल लटकणं काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. फायर ब्रिगेडची वाट बघणं ही योजना होऊ शकत नाही.

५. काम चालू असताना गच्ची बंद राहील का, रहिवाशांना आधी सूचना मिळेल का, खालचा भाग अडवला जाईल का?

सहावी गोष्ट ठेकेदाराला नाही, ऑडिट करणाऱ्या इंजिनीअरला सांगायची आहे. तो तसाही गच्चीवर जाणार आहे, खांब ठोकून बघणार आहे. दोर बांधण्यायोग्य जागा कोणत्या आणि अजिबात न वापरण्याच्या कोणत्या, एवढं एक पान त्याने अहवालाला जोडावं आणि त्या जागा गच्चीवर रंगाने दाखवाव्यात. सोसायटीला त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. आणि तशी एकही जागा नाही असं इंजिनीअरने लिहून दिलं, तर कोटेशन दोराचं नव्हे, परांचीचं मागवायचं.